दोन इंचांची गादी आणि जांभ्याखालची माती

रेल्वेच्या दुसऱ्या वर्गात झोपायला गादी असते, ही गोष्ट आज कुणाच्या लक्षातही येत नाही. 1977 पर्यंत तिथे लाकडी फळी होती. ज्यांच्याकडे वळकटी असे ते ती पसरत, बाकीचे चादर टाकून रात्रभर कूस बदलत राहत. गादी पहिल्या वर्गात होती, आणि ती तिथेच असायची असं सगळ्यांनी इतकं गृहीत धरलं होतं की फळीबद्दल तक्रार करावी असंही कुणाला वाटत नसे. मग आणीबाणी संपली, जनता पक्षाचं सरकार आलं आणि रेल्वेमंत्री झाले प्रा. मधू दंडवते. त्यांनी दुसऱ्या वर्गाच्या फळीवर दोन इंचांचा फोम बसवायचं ठरवलं. 26 डिसेंबर 1977 रोजी हावडा-मुंबई गीतांजली एक्सप्रेस सुरू झाली, ती तर एकाच वर्गाची गाडी. सगळे प्रवासी सारखे.

आम्ही त्या वेळी नागपूरला होतो. बाबा पोस्टात, बदलीमुळे तिकडे गेलेले. मूळ गाव राजापूर तालुक्यात. उन्हाळ्याच्या सुट्टीत गावी जायचं म्हणजे आधी नागपूर ते मुंबई रेल्वे, मग मुंबईहून रात्रीची एसटी. कोकणात तेव्हा रेल्वे नव्हतीच. कशेडीचा घाट, परशुराम घाट, पुढे आणखी वळणं, आणि पहाटे कधीतरी राजापूर. माझ्या धाकट्या भावाच्या बाळंतपणानंतर आईची पाठ कायमची धरली होती. तिला त्या सगळ्या प्रवासात एसटीपेक्षा रेल्वेची भीती वाटायची, कारण एसटीत निदान बसून तरी राहता येई, रेल्वेत मात्र रात्र फळीवर काढावी लागे.

गीतांजलीत पहिल्यांदा चढलो तेव्हा मी आठ-नऊ वर्षांचा असेन. आई बर्थवर बसली, तिनं दोन्ही तळहात गादीवर दाबून पाहिले आणि बाबांना म्हणाली, "कुणाला सुचलं असेल हो हे?"

बाबा वर्तमानपत्रातून मान वर न काढता म्हणाले, "आपल्या राजापूरचा खासदार आहे तो. प्रोफेसर आहे."

त्या उत्तरातला अभिमान मला तेव्हाही कळला. बाबा कुणाबद्दलही अशा स्वरात बोलत नसत.

पुढे मोठा होताना हा माणूस मला तुकड्यातुकड्यांनी समजत गेला. जन्म अहमदनगरचा, 1924 चा. भौतिकशास्त्राचे प्राध्यापक, मुंबईच्या सिद्धार्थ महाविद्यालयात त्यांनी कित्येक वर्षं शिकवलं. 1942 च्या चळवळीत होते, गोव्याच्या सत्याग्रहात होते, संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात होते. 1971 च्या जानेवारीत बॅरिस्टर नाथ पै गेले आणि राजापूर मतदारसंघ पोरका झाला. त्या जागेवर त्याच वर्षी दंडवते निवडून आले आणि ती निवडणूक धरून सलग पाच वेळा येत राहिले. नाथ पैंच्या जागी उभं राहणं सोपं नव्हतं. कोकणातली जुनी माणसं अजूनही त्यांचं नाव काढलं की आवाज खाली आणतात. पण दंडवत्यांनी नाथ पै होण्याचा प्रयत्न केला नाही. ते शिक्षकच राहिले. आकडे, नियम, कलमं, आणि मधूनच एखादी हसवणारी गोष्ट. संसदेतली त्यांची भाषणं ज्यांनी ऐकली, ते सगळे त्यांच्या तयारीबद्दल बोलतात.

आणीबाणीत ते बंगळुरूच्या तुरुंगात होते. वाजपेयी आणि अडवाणी त्याच तुरुंगात. पत्नी प्रमिलाताई येरवड्यात. नवराबायको दोघं दोन राज्यांतल्या दोन तुरुंगांत, आणि मध्ये फक्त पत्रं. प्रमिलाताईही पुढे, 1980 मध्ये, लोकसभेवर निवडून आल्या. मला या दोघांच्या आयुष्यातला हा काळ फार मोठा वाटतो, कारण तिथून बाहेर आल्यावर माणूस सूड घेऊ शकतो, आणि सत्ता तर हातात आलेली होती. रेल्वेमंत्री झाल्यावर दंडवत्यांनी केलेल्या पहिल्या कामांतलं एक म्हणजे 1974 च्या रेल्वे संपात नोकरी गमावलेल्या कामगारांना परत घेणं. ज्यांची चूल विझली होती त्यांची पेटवणं. आणि मग ती गादी.

कोकण रेल्वेचं स्वप्न त्यांच्या एकट्याचं नव्हतं, हे इथेच सांगायला हवं. अ. ब. वालावलकरांनी या मार्गाचा आयुष्यभर ध्यास घेतला, नाथ पैंनी त्यासाठी दिल्लीत आवाज उठवला. दंडवते रेल्वेमंत्री असताना आपटा-रोहा टप्पा मार्गी लागला, प्रत्यक्ष गाडी रोह्याला पोचायला 1986 उजाडलं. आणि रोह्यापुढे? पुढे सह्याद्रीचे फाटे एकामागून एक समुद्रात उतरलेले, दोन फाट्यांच्या मध्ये खाडी नाहीतर नदी. रेल्वेच्या पंचवार्षिक पैशातून हा मार्ग व्हायला आणखी एक पिढी गेली असती. 1989 च्या अखेरीस व्ही. पी. सिंगांचं सरकार आलं तेव्हा योग असा जुळला की रेल्वे खातं जॉर्ज फर्नांडिस यांच्याकडे आणि अर्थ खातं दंडवत्यांकडे. स्वतंत्र महामंडळ काढायचं, रेल्वेनं 51 टक्के भांडवल द्यायचं, महाराष्ट्रानं 22, कर्नाटकानं 15, गोवा आणि केरळनं सहा-सहा, आणि बाकीचा पैसा रोख्यांतून उभा करायचा, असं ठरलं. जुलै 1990 मध्ये कोकण रेल्वे महामंडळ स्थापन झालं. ई. श्रीधरन प्रमुख झाले.

आणि 1991 च्या निवडणुकीत राजापूरनं दंडवत्यांना पाडलं.

आमच्या घरात त्या दिवशी कुणी फारसं बोललं नाही. बाबा निवृत्त होऊन आम्ही मुंबईला आलो होतो. मी स्थापत्य अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला. पुढच्या वर्षी कोकण रेल्वेत लागलो, ते काही योगायोगानं नाही. दुसरीकडे पगार बरा मिळत होता. पण आईच्या तळहातांखाली दबलेली ती गादी मी विसरलो नव्हतो, आणि आपल्या गावातून जाणारा रूळ आपण टाकायचा ही कल्पना बावीस-तेवीसच्या वयात डोक्यात बसली की निघत नाही.

कामाची विभागणी सात भागांत होती, मला रत्नागिरी दक्षिण मिळाला. छावणीतलं आयुष्य, पत्र्याचं ऑफिस, कार्यालयात उद्घाटनापर्यंत उरलेले दिवस दाखवणारं घड्याळ. मार्ग ताशी 160 किलोमीटर वेगासाठी आखलेला. हे एकदा ठरलं की बाकीचं सगळं त्यातून निघतं. एवढ्या वेगाला वळण मोठ्या त्रिज्येचं लागतं आणि चढ अगदी हलका. म्हणजे डोंगराला वळसा घालता येत नाही. डोंगर आला की बोगदा, टेकडी आली की ती कापून कटिंग, दरी आली की पूल. 741 किलोमीटरच्या मार्गावर 91 बोगदे आणि लहानमोठे धरून दोन हजारांच्या आसपास पूल झाले, ते याच हट्टामुळे. रत्नागिरीजवळचा करबुडे बोगदा साडेसहा किलोमीटरचा. पानवल नदीवरचा पूल 64 मीटर उंच. वर्तमानपत्रांत फोटो यायचे ते यांचेच.

कटिंगचा फोटो कुणी काढत नाही. आणि माझ्याकडे कटिंग होत्या.

त्याबद्दल थोडं सविस्तर सांगतो, कारण पुढच्या भेटीत तेच महत्त्वाचं ठरलं. दक्षिण कोकणात वर जांभा असतो. दिसायला दगड, उन्हात वाळला की घट्ट, घरं त्याचीच. पण खाली गेलं की बऱ्याच ठिकाणी तो दगड संपतो आणि मऊ, चिकण माती लागते, पांढुरकी, पिवळट, कधी जांभळ्या छटेची. त्याखाली कातळ. उन्हाळ्यात टेकडी कापली तर तीही माती भिंतीसारखी सरळ उभी राहते, आणि नवख्या माणसाला वाटतं, झालं काम. पाऊस पडला की वरच्या जांभ्याच्या भोकांतून पाणी खाली झिरपतं, खालचा कातळ ते पुढे जाऊ देत नाही, आणि मधली माती पाणी पिऊन बसते. मातीचे कण एकमेकांवर दाबून बसलेले असतात म्हणून ती उभी असते. कणांमधल्या फटीत पाणी भरलं की ते पाणी त्यांना एकमेकांपासून रेटतं, पकड सुटते, आणि वरचा जांभा सगळ्या वजनानिशी खाली येतो. कोकणात 3000 मिलिमीटरहून जास्त पाऊस चार महिन्यांत पडतो. आम्ही कटिंगच्या माथ्यामागे चर काढायचो, उताराला पायऱ्या ठेवायचो, भिंतींत पाणी निघायला भोकं ठेवायचो. आणि पहिला पावसाळा आला की रात्री झोप लागत नसे.

राजकारणी माणसांबद्दल आमच्या छावणीत काय मत होतं ते सांगायला नको. जमीन संपादनाच्या वेळी कुणी शेतकऱ्यांना भडकवायला यायचा, कुणी कंत्राटासाठी शब्द टाकायचा, कुणी नुसताच फोटोला. लोकांची बाजू खोटी नव्हती. सुमारे 42 हजार जमीनमालकांची जमीन या मार्गात गेली, कुणाची कलमं, कुणाचं खळं, कुणाचा देव. त्यांच्याशी बसून बोलायला हवं होतं, आणि ते बोलणं बहुतेक वेळा आमच्यासारख्या पोरांवर पडायचं. त्यामुळे पुढारी म्हणजे कामात अडथळा, असं आम्ही सगळेच मानत होतो. मी मनात एक अपवाद ठेवला होता, पण तो अपवाद आठवणीतला होता. प्रत्यक्षातला माणूस मी पाहिलेला नव्हता.

भेट झाली ती 1994-95 च्या हिवाळ्यात, मी सुट्टीवर मुंबईला आलो असताना. आमच्या शेजारी एक काका राहायचे, राष्ट्र सेवा दल या समाजवादी संघटनेतले जुने. त्यांनी सांगितलं की दादरला एका संस्थेच्या छोट्या सभागृहात दंडवत्यांचं व्याख्यान आहे, येतोस का. मी इस्त्रीचा शर्ट काढला. काका दारातूनच म्हणाले, "बोलायची वेळ आली तर नमस्कार कर, पायाबिया पडू नकोस. आमच्यात चालत नाही ते."

"आणि बोलू काय?"

"ते मला काय विचारतोस? तुझ्याकडे नसेल काही तर गप्प राहा. तेही चालतं."

जाताना रेल्वेत मी वाक्यं जुळवत होतो. आईबद्दल सांगायचं होतं. गीतांजलीबद्दल. तुमच्यामुळे मी या कामात आलो हेही सांगायचं होतं. ती वाक्यं मनात फार छान वाटत होती.

सभागृह निम्मं भरलेलं होतं. दंडवते तेव्हा कुठल्याच पदावर नव्हते. खासदारकी गेलेली, पुढे 1996 मध्ये मिळालेलं नियोजन मंडळाचं उपाध्यक्षपद अजून दूर. दारात लाल दिव्याची गाडी नाही, पोलीस नाहीत, हारतुऱ्यांची रांग नाही. समोर बसलेली माणसं बहुतेक पन्नाशीपुढची, खादीच्या झब्ब्यातली, शबनम पिशव्या मांडीवर घेतलेली. मी त्यांच्यात एकटाच असा, ज्याच्या बुटांना लाल माती होती. व्याख्यान संसदीय लोकशाहीवर होतं. चष्मा, खादी, हातात कागद, पण कागदाकडे बघणं क्वचित. ते वर्गात शिकवल्यासारखं बोलत होते. एक मुद्दा मांडायचा, त्याच्यावर काय आक्षेप येऊ शकतो तो स्वतःच सांगायचा, मग त्याला उत्तर द्यायचं. ऐकणाऱ्याला आपण हुशार आहोत असं वाटायला लावणारे वक्ते थोडे असतात. बहुतेकांना स्वतःची हुशारी दाखवायची असते.

नंतर पाचपन्नास माणसं त्यांच्याभोवती उभी राहिली. ओळखीचेच सगळे. कुणाच्या मुलीचं लग्न, कुणाच्या मासिकाला लेख हवा. काकांनी मला हाताला धरून पुढे नेलं आणि सांगितलं की हा कोकण रेल्वेत इंजिनिअर आहे.

त्यांनी मान वळवून पूर्ण माझ्याकडे पाहिलं. गाव विचारलं. मी सांगितलं. काम कुठे चालू आहे ते विचारलं, तेही सांगितलं. त्या भागातली गावं त्यांना माझ्यापेक्षा जास्त माहीत असणार, वीस वर्षं तिथे फिरलेला माणूस. मग मी माझी जुळवलेली वाक्यं सुरू केली. आईची पाठ, नागपूर, फळी, गादी, तिनं विचारलेला तो प्रश्न. बोलता बोलता माझा घसा दाटून आला हेही खरं आहे.

त्यांनी ते ऐकून घेतलं, हसले, आणि आईची तब्येत आता कशी आहे एवढं विचारलं. आणि लगेच विचारलं की मी नेमकं काय काम करतो.

कटिंग, मी म्हणालो.

यावर सहसा लोक "अच्छा" म्हणतात आणि बोगद्यांबद्दल विचारतात. त्यांनी बोगद्यांबद्दल विचारलं नाही. कापलेली टेकडी पावसात उभी कशी राहते, एवढाच प्रश्न. मी सांगायला लागलो. जांभा, खालची माती, कातळ. पाणी कुठून येतं आणि कुठे अडतं. मला वाटलं होतं दोन मिनिटांत आटोपावं, मागे माणसं उभी आहेत. पण ते थांबवत नव्हते. मध्येच त्यांनी मातीच्या कणांमधल्या पाण्याच्या दाबाबद्दल विचारलं, अगदी नेमकं, भौतिकशास्त्र शिकवलेल्या माणसानं विचारावं तसं, आणि मला जाणवलं की हे कौतुकानं ऐकत नाहीयेत, यांना खरंच समजून घ्यायचंय. मग मी छावणीत बोलतो तसा बोलायला लागलो. काकांच्या हातातली कार्यक्रमपत्रिका घेऊन तिच्या मागच्या कोऱ्या बाजूवर उताराचा छेद काढला. चर कुठे काढतो, भोकं कुठे ठेवतो, सगळं. ते वाकून बघत होते. रेघ कमी उभी ठेवली तर काय होईल, असं त्यांनी बोट ठेवून विचारलं. जागा जास्त लागेल, मी म्हणालो, म्हणजे आणखी कुणाची तरी कलमं जातील. त्यावर ते काही बोलले नाहीत. पण त्यांचं बोट त्या रेघेवर थोडा वेळ तसंच राहिलं.

मग कुणीतरी त्यांना बोलावलं, मी नमस्कार केला, त्यांनीही केला. एवढीच भेट.

परतताना काका खूश होते. मी गप्प होतो, आणि ते त्यांना निराशेचं वाटलं असावं, कारण ते म्हणाले, "अरे, ते आभारबिभार घेत नाहीत कुणाचे. मनावर घेऊ नकोस." मी निराश नव्हतो. मला काहीतरी फार मोठं मिळाल्यासारखं वाटत होतं, फक्त ते काय होतं ते सांगता येत नव्हतं.

आता सांगता येतं, निदान थोडंफार. ज्याला आपण मानतो त्याला भेटायला जाताना आपण आपला आदर घेऊन जातो, आणि मनाच्या तळाशी एक अपेक्षा असते की त्यानं तो स्वीकारावा, आपल्या पाठीवर हात ठेवावा. आदर स्वीकारणं पुढाऱ्याला अवघड नसतं, त्याचं निम्मं आयुष्य त्यातच जातं. त्या संध्याकाळी माझा आदर त्यांनी मायेनं बाजूला ठेवला आणि माझ्या कामाला हात घातला. आईच्या गादीपेक्षा त्यांना न बांधलेल्या उताराची काळजी जास्त होती. गादी होऊन गेली होती. उतार अजून व्हायचा होता, आणि त्याखालून अजून गाडीत न बसलेली माणसं जाणार होती. मला वाटतं, गादीचा निर्णयही याच स्वभावातून आला असणार. ज्याचं तोंड आपण कधी पाहणार नाही अशा माणसाच्या पाठीचा विचार करता येणं, ही राजकारणातली मला माहीत असलेली सर्वांत मोठी गुणवत्ता आहे. इंजिनिअरच्या कामातलीही तीच आहे. तोवर मी या दोन कामांना एकमेकांची विरोधी मानत होतो.

आणखी एक गोष्ट मला त्या भेटीनंतर उमगत गेली. मी पंचविशीतला, कटिंगवरचा कनिष्ठ अभियंता. माझ्या वर तीन पातळ्या साहेब. माझ्या कामाबद्दल इतका वेळ कुणीच मला विचारलं नव्हतं, महामंडळाच्या बाहेरच्या माणसानं तर नाहीच. देशाचा अर्थसंकल्प मांडलेला माणूस मला माझ्या विषयातला जाणकार समजून प्रश्न विचारत होता, आणि त्यामुळे मला तो विषय आणखी नीट माहीत असायला हवा होता. छावणीत परतल्यावर मी पुस्तकं मागवली. उतारांचा, भूजलाचा, मातीच्या चाचण्यांचा माझा खरा अभ्यास तिथून सुरू झाला, आणि पुढचं सगळं आयुष्य त्याच कामात गेलं. कुणी मला या विषयात कसे आलात विचारलं तर मी ही भेट सांगतो.

हल्ली माझ्याबरोबर काम करणारी मुलं मंत्र्यांना भेटून आली की फोनवरचा फोटो दाखवतात. दोघंही कॅमेऱ्याकडे बघत असतात. मी त्यांना नेहमी विचारतो, काय बोललात? बहुतेकांना सांगता येत नाही, कारण बोलायला वेळच नसतो, मागचा माणूस फोन सरसावून उभा असतो. मुलांचा यात दोष नाही. पण मला त्यांच्यासाठी वाईट वाटतं, कारण त्यांच्याकडे सांगण्यासारखं खूप असतं. पुलाच्या पायाबद्दल, गळक्या जलवाहिनीबद्दल, मजुरांच्या थकलेल्या पैशांबद्दल. ते ऐकणारा भेटायला हवा. आणि तो भेटला तर आपल्याकडे कागदावर काढून दाखवण्याइतकं स्वतःचं काम हवं. या दोन गोष्टी एका संध्याकाळी एकत्र येणं दुर्मीळ आहे. माझ्या वाट्याला ते आलं.

26 जानेवारी 1998 रोजी गाडी पूर्ण मार्गावरून धावली. त्याच वर्षी 1 मे रोजी वाजपेयींच्या हस्ते मार्ग राष्ट्राला अर्पण झाला. श्रेय कुणाचं यावर तेव्हा बरंच बोललं गेलं, अजूनही बोललं जातं. मला त्या वादात बोलावलं तर मी रत्नागिरी स्थानकातल्या श्रमशक्ती स्मारकाकडे बोट दाखवतो. हा मार्ग बांधताना ज्यांचा जीव गेला त्यांचं ते स्मारक आहे. ज्याला श्रेय वाटायचं असेल त्यानं तिथून सुरुवात करावी. त्या उन्हाळ्यात आई कोकण रेल्वेनं गावी गेली. राजापूर रोड स्थानक गावापासून बरंच लांब आहे, तिथून पुन्हा एसटी किंवा रिक्षा, तरी ती आनंदात होती. बाबा तेव्हा नव्हते.

मग 22 जून 2003 ची रात्र आली. कारवारहून मुंबईला येणारी सुट्टीची विशेष गाडी वैभववाडीजवळ रुळांवर कोसळलेल्या दरडीला धडकली. पन्नासहून जास्त माणसं गेली. सुट्टी संपवून परतणारी कुटुंबं होती. पुढच्याच वर्षी, 16 जून 2004 रोजी, महाड तालुक्यात मत्स्यगंधा एक्सप्रेसला पुन्हा तसाच अपघात झाला. मी तोवर महामंडळाबाहेर, उतारांच्याच कामात होतो. ती कटिंग माझी नव्हती, पण त्या काळात मला ते बोट सारखं आठवायचं. रेघ कमी उभी ठेवली तर काय होईल. त्या एका प्रश्नात सगळा तोल होता. आज कुणाची जमीन जाते, उद्या कुणाचा जीव जातो, आणि दोन्हींचा हिशेब एकाच कागदावर करायचा असतो.

त्यानंतरच्या वर्षांत या मार्गावर उतारांचं खूप काम झालं. उतार सपाट केले गेले, सैल दगड काढले, जाळ्या बांधल्या, भिंती घातल्या. पावसाळ्यात रुळांवरून रात्रभर गस्त चालते. वेगही उतरवला. जूनमध्ये पावसाळी वेळापत्रक लागू होतं, गाड्या हळू धावतात, प्रवासाला काही तास जास्त लागतात. ताशी 160 च्या आखणीतून सुरू झालेल्या मार्गानं पावसापुढे वेग कमी केला, याला मी माघार म्हणत नाही. जो वेग मातीला पेलतो तोच खरा.

12 नोव्हेंबर 2005 रोजी दंडवते गेले. प्रमिलाताई आधीच, 2001 च्या शेवटच्या दिवशी, गेल्या होत्या. दंडवत्यांच्या इच्छेप्रमाणे त्यांचं देहदान झालं. आयुष्यभर विज्ञान शिकवलेल्या माणसानं शरीरही विद्यार्थ्यांच्या स्वाधीन केलं, म्हणून चिता, रक्षा असं काही झालं नाही. ते वाचलं तेव्हा मला सेवा दलाचे काका आठवले. तेही आता नाहीत.

गेल्या पावसाळ्यात माझी भाची गावाहून मुंबईला येताना माझ्याबरोबर होती. ती अर्थशास्त्र शिकते. गाडी हळू चालली होती, तिला संध्याकाळी क्लासला पोचायचं होतं, आणि तिनं विचारलं, "मामा, एवढी हळू का जाते ही?" मी तिला खिडकीतून कटिंग दाखवली, वरचा जांभा, खालची माती, भिंतीतल्या भोकांमधून निघणारं पाणी. ती ऐकत होती. मग तिनं विचारलं की एका उताराला जाळी लावायला किती खर्च येतो, आणि कुठला उतार आधी घ्यायचा हे कोण ठरवतं, कशावरून. पहिल्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे होतं. दुसऱ्यावर आम्ही पनवेल येईपर्यंत बोलत होतो, आणि तिचं समाधान झालेलं नाही.